नव्या गाडीला चरा, पोचा आणि टवका: अख्खं दार रंगवायचं की जेवढ्यास तेवढं?

नवखा_चालक

गाडी जवळजवळ नवी, रंग मेटॅलिक ग्रे. मागचा डावा कोपरा खांबाला घासलाय. नुकसान असं:

मागच्या डाव्या दारावर मधोमध हातभर लांब चरा. पाणी टाकलं की बराचसा दिसेनासा होतो, पण मधला वीतभर भाग तसाच दिसतो, राखाडी. त्याच दारावर, बॉडी लाइनच्या (पत्र्यावरच्या आडव्या उठावदार रेघेच्या) खाली नाण्याएवढा पोचा. रंग तडकलेला नाही. मागच्या बंपरच्या कोपऱ्याला खांबाचा पिवळा रंग लागलाय, त्याखाली थोडं खरबरीत. आणि चाकावरच्या कमानीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडून पत्रा उघडा पडलाय.

वर्कशॉपवाले म्हणतात दार आणि बंपर पूर्ण रंगवून घ्या, कळणारही नाही. करावं का?

रंगारी

घाई करू नका. कारखान्यातला रंग रिकाम्या बॉडीवर चढतो, काचा, रबरं, वायरिंग बसायच्या आधी. सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात आणि साधारण १६०-१८० अंशांना भाजतात. वरचे थर १४० च्या आसपास. तयार गाडीला एवढी उष्णता देता येत नाही. वर्कशॉपच्या बूथमध्ये ६० अंशांवर काम चालतं आणि त्यासाठी हार्डनर मिसळायचा वेगळा रंग लागतो. चांगल्या हाताचं रिपेंट उत्तम टिकतं, त्यात वाद नाही. पण तळाचा तो इलेक्ट्रोकोट एकदा घासून काढला की कुठलंही वर्कशॉप तो परत चढवू शकत नाही.

त्यामुळे नव्या गाडीला नियम एकच: मूळ रंग जेवढा वाचेल तेवढा वाचवायचा.

तुमच्या चार दुखण्यांपैकी टवका आधी. दिसायला सगळ्यात किरकोळ, पण थांबायला तयार नसलेलं तेवढं एकच. चरा सहा महिने तसाच राहिला तरी चराच राहतो. उघडा पत्रा राहत नाही, त्यातून चाकाच्या कमानीवर चिखल-पाण्याचा सतत मारा. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर थोडी सवड मिळते, एवढंच. आज लगेच काही करता येणार नसेल तर जागा कोरडी करून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

मायक्रॉन

रंगारींना +१. थरांची जाडी डोक्यात असली की बाकीचे निर्णय सोपे होतात. इलेक्ट्रोकोट साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्रायमर ३०-४०, रंगाचा बेस कोट १२-२०, वरचा पारदर्शक क्लिअर ३५-५०. एकूण साधारण १०० ते १३०. काही नव्या गाड्यांत वेगळा प्रायमर नसतोच, तिथे एकूण आकडा आणखी कमी. म्हणजे खरा रंग जेमतेम १५ मायक्रॉन, आणि आपण पॉलिश करतो ते फक्त क्लिअरवर.

पाणी टाकल्यावर गायब होणारा भाग क्लिअरमधला आहे. तो कंपाउंडने (घासून गुळगुळीत करायच्या पेस्टने) जाईल किंवा निदान डोळ्यांत खुपणार नाही. न गेलेला वीतभर भाग बेसपर्यंत किंवा प्रायमरपर्यंत उतरलाय. ग्रे गाडीत गोची अशी की प्रायमरही बहुधा ग्रेच असतो. १० पट भिंग घेऊन तिरप्या उजेडात बघा: रेघेच्या तळाशी धातूचे चमचमते कण दिसले तर बेस शाबूत आहे, मंद सपाट राखाडी दिसलं तर प्रायमर.

नखाची कसोटी सगळे सांगतात. नख अडकलं तर चरा पूर्ण जाण्याची आशा कमी, इतकाच तिचा अर्थ. अडकलं म्हणजे रंगवायलाच हवं असं नाही.

खटपट्या

बंपरवरचा पिवळा रंग हा लागलेला रंग आहे, बहुतेक क्लिअरच्या वर बसलाय. फडक्यावर थिनर घेतला की दोन मिनिटांत निघतो.

पुट्टीमुक्त

थिनर नको! कारखान्यातल्या भाजलेल्या क्लिअरला एक हलका हात कदाचित काही करणार नाही. पण इथे खाली प्लास्टिक आहे आणि खरबरीत भागात ते उघडं पडलेलं असू शकतं. थिनरने प्लास्टिक मऊ पडतं, बंपरच्या खालच्या न रंगवलेल्या काळ्या पट्टीवर पांढरट डाग पडतात, आणि तो भाग आधीच कुणी रंगवलेला असेल तर रंग सुरकुततो.

सौम्य गोष्टीपासून सुरुवात करा. आधी जागा शाम्पूने धुऊन वाळू काढा, नाहीतर तीच वाळू नवे चरे पाडेल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), मायक्रोफायबर फडक्यावर. मग टार रिमूव्हर, म्हणजे डांबर काढायचं द्रावण. मग क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी, भरपूर लुब्रिकंट घालून, हात हलका. उरलंसुरलं कंपाउंडने. पिवळा रंग निघाल्यावर खाली काय झालंय ते कळेल; निम्म्या वेळा तिथे जवळजवळ काहीच नसतं.

नवखा_चालक

भिंगातून बघितलं. वीतभरातला बराचसा भाग चमचमतोय, मधेच बोटभर तुकडा सपाट राखाडी आहे. पिवळा रंग आयपीए आणि क्लेने गेला. खाली तीन-चार खोल खरवडे राहिलेत, त्यात काळं प्लास्टिक दिसतं. आता कंपाउंड घरी करू का? मशीन लागेल का?

पोचेकाढू

थांबा, आधी पोचा. क्रम महत्त्वाचा आहे. रंग न उडवता पोचा काढताना, म्हणजे पीडीआरमध्ये, पत्रा मागून सळईने ढकलतात किंवा पुढून गरम गोंदाच्या टॅबने ओढतात. कारखान्याचा रंग ही ओढ सहन करतो, ताजा टचअप करत नाही. टॅबबरोबर उखडून येतो. म्हणून आधी पोचा, मग टचअप, शेवटी पॉलिश.

तुमचा पोचा पीडीआरला चांगला वाटतो: रंग तडकलेला नाही, नाण्याएवढा, बॉडी लाइनवर नाही. लाइनवर किंवा दाराच्या दुमडलेल्या कडेवर असता तर अवघड होतं, कारण तिथला पत्रा आधीच वाकवून कडक झालेला असतो. पोचा किती मोठा यापेक्षा किती टोकदार हे बघायचं. बशीएवढा उथळ पोचा सहज निघतो. नखाएवढा पण तळाशी टोक असलेला निघत नाही, कारण तिथे पत्रा ताणला गेलेला असतो आणि ताणलेला पत्रा आकसून मूळ जागी बसत नाही.

काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली: मागून कसे पोचणार? दाराच्या आत आडवा लोखंडी बीम असतो, पोचा नेमका त्यामागे असला तर सळई शिरत नाही, गोंदानेच ओढावं लागतं. काचेच्या फटीतून सळई घालणार असतील तर काच पूर्ण खाली आणि मध्ये गार्ड हवा. पत्र्याला भोक पाडून सळई घालू म्हणाले तर सरळ नाही म्हणा. भोक बुचाने झाकलं तरी कडा आतून गंजतात.

दुसरी: आतलं पॅनेल काढणार का? काढणार असतील तर त्यामागचा प्लास्टिकचा पडदा तसाच अखंड, काळ्या ब्युटिल चिकटवणीने परत सील व्हायला हवा. तो अर्धवट चिकटला की पहिल्या जोरदार पावसात दारातून पाणी पायदानात उतरतं, आणि ते पोच्यामुळे झालंय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तिसरी: पत्रा स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा? चुंबक लावून बघा. बऱ्याच गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, दार कमी वेळा. अ‍ॅल्युमिनियमचा पोचाही निघतो, पण पत्रा गरम करून, सावकाश.

काम झाल्यावर पोच्याकडे थेट बघू नका. दारात एखाद्या सरळ रेघेचं प्रतिबिंब पकडा, ट्यूबलाइट किंवा खिडकीची चौकट, आणि डोकं हळूहळू हलवा. रेघ न वळता सरकली पाहिजे. जास्त ढकललं गेलं की बारीक फोडी उठतात. त्या पोच्यापेक्षा वाईट, कारण पुढे कधी पॉलिश केलं तर नेमकं त्या टेंगळावरचं क्लिअर आधी उडतं.

हेअर ड्रायर आणि बर्फाचे व्हिडिओ बघू नका. वाकून स्थिर झालेला पत्रा थंडीने परत फिरत नाही. सक्शन कप फक्त मोठ्या, उथळ, बोटाने दाबला तर टक् करून हलणाऱ्या पोच्यासाठी.

मायक्रॉन

आता कंपाउंड. एवढ्या चऱ्यासाठी हाताने चालेल, पण छोटं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन मिळालं तर समान निघतं. फिरकीचं रोटरी मशीन नवशिक्याने घेऊ नये. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की क्लिअर जळतं.

पत्रा थंड, सावलीत. दाराच्या कडा, हँडलच्या कडा आणि बॉडी लाइनवर मास्किंग टेप, कारण धारेवर रंग नेहमी पातळ असतो. ४० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, आधी उभे मग आडवे असे तीन-चार हात. पुसा. मग आयपीएने परत पुसा. कंपाउंडमधलं तेल चरे भरून टाकतं, त्यामुळे न पुसता बघितलं तर सगळंच गेल्यासारखं वाटतं आणि दोन वेळा गाडी धुतल्यावर चरा हजर. टूथपेस्ट किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावून 'चरा गेला' म्हणतात तो हाच प्रकार.

क्लिअरमधून एकूण ८ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नका. जाडी मोजायचं गेज मिळत असेल तर आधी आणि नंतर त्याच बिंदूवर मोजा, फरक तेवढा गेला. गेज एकूण जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही, आणि साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही.

चरा पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. त्याच्या कडा गोल झाल्या की उजेड तसा फाकत नाही आणि चार पावलांवरून दिसत नाही. तिथे थांबायचं.

रंगारी

टचअप मी सांगतो. टवका आणि चऱ्यातला बोटभर तुकडा दोन्हींसाठी.

रंगाचा कोड मधल्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या कोडची बाटली, वेगळं क्लिअर, आणि टवक्यासाठी थोडा इपॉक्सी प्रायमर. बाटलीच्या झाकणातला ब्रश फेकून द्या, तो या कामाला फार जाड. टोकदार लाकडी काडी किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश.

टवक्यावर मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा. सुटलेल्या कपच्या असतील तर येतील, त्या ठेवून वर रंग लावला तर नंतर सगळंच एकत्र निघतं. तांबूस दिसत असेल तर ४०० नंबरच्या सँडपेपरचा अगदी छोटा तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून फक्त खड्ड्याचा तळ घासा. आयपीए, पाच मिनिटं सुकू द्या. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक पातळ टिपका, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका सुकवून. चऱ्यात पत्रा उघडा नाही, तिथे प्रायमर नको.

रंगाची बाटली दोन-तीन मिनिटं हलवा, धातूचे कण तळाशी बसतात. काडीच्या टोकावर थेंब घ्या आणि खड्ड्याच्या मधोमध नुसता टेकवा. तो आपोआप कडांपर्यंत पसरतो. ब्रशने ओढाल तर रंग कडेबाहेर जाऊन खड्ड्यापेक्षा मोठा डाग दिसेल. २०-३० मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. सुकताना थर खाली बसतो, म्हणून एकच जाड थेंब कधीच नको: वरून कातडी धरतो, आतून ओला राहतो, नंतर मध्ये खळगा पडतो. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा, वर क्लिअरला जागा हवी. क्लिअर दोन-तीन टिपक्यांत, पातळीच्या किंचित वर.

दमट हवेत करू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका पडतो.

निदान आठवडाभराने, दारावरच्या चऱ्यात वर आलेलं क्लिअर २५०० च्या पेपरने साबणाच्या पाण्यात, मागे रबराचा छोटा ठोकळा धरून सपाट करा आणि कंपाउंड. कमानीच्या कडेवरचा टिपका मात्र तसाच वर राहू द्या. तिथे घासायला गेलात तर शेजारचा धारेवरचा रंग जाईल.

मेटॅलिकमध्ये टिपका कुठल्या तरी कोनातून गडद दिसणारच. बंदुकीच्या फवाऱ्यात कण आडवे निजतात, टिपक्यात कसेही पडतात. त्यावर इलाज नाही.

खटपट्या

एवढं सगळं करून डाग दिसणारच असेल तर दार रंगवलेलं काय वाईट? कोड तर तोच आहे.

रंगारी

कोड तोच, पण एका कोडचे अनेक उपप्रकार असतात, कारखान्यातल्या घाण्यांप्रमाणे छटा थोडी सरकते. मेटॅलिकची छटा तर फवारण्यावरही ठरते: कोरडा फवारा मारला की समोरून फिकट, ओला मारला की गडद. म्हणून चांगला पेंटर आधी कार्डावर फवारून, वर क्लिअर मारून, दिवसाच्या उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरपं धरून मिळवतो. तरीही दाराच्या कडेपर्यंत नवा रंग गेला तर शेजारच्या पत्र्याशी फरक उघडा पडतो. तो लपवायला पुढचं दार आणि मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा), दोन्हींवर रंग विरवत न्यावा लागतो आणि दोन्हींवर पूर्ण क्लिअर. हातभर चऱ्यासाठी तीन पॅनेलचा मूळ पृष्ठभाग गेला.

पुट्टीमुक्त

थोडा असहमत. चरा दाराच्या मधोमध असल्यामुळे रंग दारातल्या दारातच विरवता येतो: बेस फक्त चऱ्याभोवती, क्लिअर पूर्ण दारावर. शेजाऱ्यांना हात लावायची गरज नाही. पण हे 'पूर्ण दार रंगवू' पेक्षा वेगळं काम आहे, ते याच शब्दांत सांगून घ्यावं लागतं. क्लिअर दाराच्या मध्येच संपवू म्हणाले तर नको, ती कड पुढे उघडते आणि सोलते. हँडल, काचेखालची पट्टी आणि आरसा असेल तर तोही काढून रंगवायचं. टेप लावून रंगवलं की टेपच्या रेषेपासूनच रंग सुटायला लागतो.

तरी टचअप आधी करून बघा असंच म्हणेन. टचअप फसला तर दार नंतरही रंगवता येतं. उलटं होत नाही.

पुट्टीची गरज तुमच्या दारावर नाही, तरी कुणी लावू म्हणालं तर: जास्तीत जास्त २-३ मिमी, हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालतात आणि काही आठवड्यांनी रंगातून पिवळट डाग वर येतो. पुट्टी पाण्याने घासत असतील तर थांबवा. ती पाणी धरून ठेवते, वर रंग चढला की ते कोंडतं आणि पुढे फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची.

सेन्सर_सांभाळा

बंपरचं कुणी पुरतं बोललं नाही. बाहेरचं कव्हर लवचिक असतं, धक्का खाऊन परत जागेवर येतं आणि आतली मोडतोड झाकून टाकतं. कोपऱ्यावरचा ब्रॅकेट, क्लिपा, आतला फोम, सेन्सरचे धारक हे बघायला कव्हर सोडवावं लागतं. बाहेरून ओळखायची खूण: बंपर आणि पत्रा यांमधली फट डाव्या-उजव्या बाजूला मोजा. डावीकडे जास्त असेल, किंवा दाबल्यावर आत जाऊन परत बाहेर येत असेल, तर ब्रॅकेट नाहीतर क्लिप गेलीय. हे स्वस्तातले तुकडे. ते न बदलता वरून रंगवलं तर फट तशीच राहते.

खरवड्यांत काळं प्लास्टिक दिसतं म्हणजे टचअपआधी तिथे प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) लागेल. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरतच नाही, पापुद्रे निघतात. गंजाची भीती नसल्यामुळे घाई अजिबात नाही. कोपरा पुन्हा घासायची शक्यता बघता बंपर रंगवायचं काम मी शेवटी ठेवीन.

आता मुख्य मुद्दा. गाडीत ब्लाइंड स्पॉटची सूचना देणारी यंत्रणा आहे का? तिचे रडार बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांमागेच असतात, म्हणजे तुमचं घासलंय तिथेच. रडारपुढे पुट्टी, प्लास्टिकचं ठिगळ किंवा रंगाचे जाड थर आले की लहरी अडतात. मेटॅलिक रंगात धातूचे कण असल्याने आणखीच. अनेक कंपन्या त्या भागात पुट्टी लावायला मनाई करतात आणि रंगाच्या जाडीलाही मर्यादा घालतात. दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये तो भाग आखून दिलेला असतो, तो दाखवायला सांगा. खोल खरवडा त्यातच असेल तर कव्हर बदलणं हेच योग्य, आणि बंपर काढून बसवल्यावर रडारचं कॅलिब्रेशन लागतं का तेही तिथेच लिहिलेलं असतं. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे रडारचा कोन बरोबरच आहे, असं नाही.

मायक्रॉन

विम्याबद्दल एवढंच: दावा करायचा असेल तर टचअप, पॉलिश काहीही करण्याआधी फोटो काढून कळवा. एवढ्या नुकसानीत स्वतः भरायची रक्कम आणि पुढच्या हप्त्यातली गेलेली सवलत मिळून दावा बहुतेकदा आतबट्ट्याचा ठरतो, पण आकडे मांडून बघा. गंजाच्या वॉरंटीच्या अटीही वाचा. उघडा पत्रा तसाच ठेवला तर ती नाकारली जाऊ शकते.

आणि दार रंगवलंच तर बिलावर पॅनेलचं नाव लिहून घ्या. विकताना गेज लावलं की १२० च्या जागी २५०-३०० दिसणार. बिल नसेल तर घेणारा मोठा अपघात गृहीत धरतो.

नवखा_चालक

ब्लाइंड स्पॉट आहे. डावी-उजवी फट सारखीच आहे, दाबून बघितलं, हलत नाही. खरवडे कोपऱ्याच्या खालच्या बाजूला आहेत, मॅन्युअलमधला भाग दाखवायला सांगतो. टवका आणि पोचा आधी. शेवटचं: हे सगळं झालं की दारावर आणि बंपरच्या कोपऱ्यावर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून घेऊ का?

सेन्सर_सांभाळा

दाराच्या कडा आणि बंपरचा कोपरा, या जागा फिल्मसाठी योग्य. रडारच्या पुढे लावायची असेल तर ती चालते का हेही मॅन्युअलमध्येच बघा. पार्किंग सेन्सरच्या चकतीवर फिल्म नको, तिथे गोल कापून सोडायची.

रंगारी

टचअपवर लगेच लावू नका. निदान महिनाभर द्रावक उडू द्या, तोवर वॅक्स आणि सिरॅमिक कोटिंगही नको. कमानीवरचा वर आलेला टिपका फिल्मखाली बुडबुड्यासारखा दिसेल, आणि पुढे फिल्म काढताना तोच आधी उखडेल. तिथे फिल्म टिपक्याच्या अलीकडे संपवा.